मागच्या आंगणातलं बसणं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे लसूण सोलणं. मंडईच्या आदल्या दिवशी दुपारी घरापुढच्या छपरीत पोतं अंथरून बसलो होतो. दोन किलोच्या वर लसूण होता. चाळीस-पन्नास माणसांच्या मटणाच्या रश्श्याला तेवढा लागतोच. माझी बायको गिरजा अंगठ्यानं पाकळी दाबायची आणि साल आपोआप सुटायची. माझे हात धान कापून घट्ट झालेले, मला ते नाजूक काम जमत नाही. ती बराच वेळ पाहत होती, शेवटी बोललीच. "तुमच्या हाती लसूण देला का अर्धा तुमच्या नखातच रायते. सोलून राह्यले का जीव घेऊन राह्यले त्याचा?" मी म्हटलं, "मंग नोको देत जाऊ मले काम. मी चाललो चौकात." ती म्हणाली, "जा ना. आन् येतानी धा माणसं धरून आणा, दरसाली आणता तसे." मी हसलो. ती पण हसली, पण मग हातातली पाकळी तशीच धरून म्हणाली, "खरंच सांगतो, यंदा नोका आणू. घरचेच चाळीस हायेत. एवढं एक ऐका माझं." मी म्हटलं, "नाई आणत." मधेच तिनं डावा हात दोन वेळा झटकला, माशी हाकलावी तसा. का झालं विचारलं तर म्हणे मुंग्या आल्या. मी म्हटलं, बाम लाव. ती हाव म्हणाली. मग आम्ही राहिलेला लसूण सोलला. मी चौथी शिकलेला माणूस आहे, मला याला यापेक्षा मोठं करून लिहिता येत नाही.

मंडई काय असते ते बाहेरच्या वाचणाऱ्याला सांगितलं पाहिजे. आमच्याकडे वडशाच्या आजूबाजूच्या गावांत दिवाळी संपली की खरी दिवाळी सुरू होते. भाऊबीज झाली की एकेका गावाची मंडई लागते, आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसा बाजार भरतो, बांगड्यांची, जिलेबीची, फुग्यांची दुकानं लागतात, दंडार म्हणजे सोंगं घेतलेल्यांचा नाच होतो, आणि रात्री मंडपात नाटक होतं. नाटक पाहायला पंचक्रोशीतली माणसं येतात, आणि नाटकाच्या आधी ती कोणाच्या ना कोणाच्या घरी जेवतात. लेकी येतात, जावई येतात, जावयाचे मित्र येतात, ज्यांना कोणी ओळखत नाही असेही येतात. सोयरिकी तिथंच जुळतात. माझीही तिथंच जुळली. मंडईच्या दिवशी ज्याच्या घराला कुलूप लागलं त्याचं नाव गावात वर्षभर निघतं. आणि हे सगळं येतं ते ऐन धान कापणीत. म्हणजे सकाळी बाई धानाच्या बांधीत, शेतात वाकलेली आणि दुपारपासून चुलीपुढं.

मी याच्यातच लहानाचा मोठा झालो. माझ्या बाबाचं मंडईतलं काम एकच होतं, माणूस धरणं. दुपार कलली की तो धुतलेलं धोतर नेसून चौकात उभा राहायचा आणि जाणाऱ्याचा हात धरायचा. "असा कसा जातं गा? जेवल्याबिगर जाशीन का माझ्या गावातून?" माणूस दुसऱ्याच्या घरी निघालेला असला तरी बाबा त्याला ओढून आणायचा. आमच्या छपरीपुढं चपलांचा ढीग लागला की त्याचं तोंड फुलायचं. मी बारा वर्षांचा होतो तेव्हा मी पहिला माणूस धरला. कोण्या दुसऱ्या गावचा मास्तर होता बिचारा, पत्ता शोधत होता. मी त्याला सरळ आमच्या घरी आणून बसवला. बाबानं सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. त्या दिवसापासून मला वाटत आलं की पाहुणचार हा बाप्याच्या, पुरुष माणसाच्या तोंडानं होतो. आतमध्ये पाट्यावर वाटण घासल्याचा आवाज यायचा, कढईत सुवाऱ्या म्हणजे पुऱ्या पडल्या की चर्र व्हायचं, मायच्या हातातल्या बांगड्या वाजायच्या, लाखोळीच्या डाळीच्या वड्यांचा वास छपरीपर्यंत यायचा. ते सगळं मला पावसासारखं वाटायचं. पडतं आपोआप.

मला एकोणिसावं होतं आणि गिरजाला सतरावं, तेव्हा आमचं लग्न झालं. त्या काळी आमच्याकडे तसंच होतं. आम्ही नवरा-बायको आधी झालो आणि मोठे नंतर झालो. एकमेकाला पाहत पाहत झालो. तिची आमच्या घरातली पहिली मंडई मला नीट आठवते. ती आणि माय पहाटेपासून चुलीपुढं होत्या. दुपारी बाबानं वीस-बावीस माणसं आणून बसवली आणि मला आत पाठवलं, रस्सा का येऊन नाही राह्यला पाय. मी आत गेलो तर चुलीपुढं कोणी नाही. कढई खाली उतरवून ठेवलेली. मी घाबरलो. मला वाटलं नवी नवरी कंटाळून पळाली. मागच्या दारातून पाहिलं तर गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून दोघी सासू-सुना जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या. माय दाताला नस घासत होती. आमच्याकडच्या बायका तंबाखू भाजून तिची पूड करतात, तिला नस म्हणतात. गिरजाचे डोळे मिटलेले होते आणि कपाळाला पीठ लागलं होतं. दोघी एक शब्द बोलत नव्हत्या. मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या झाडावर कावळा ओरडत होता तेवढंच.

मी म्हटलं, "बाबा बोलावून राह्यले."

"बोलावू दे," माय म्हणाली.

"वीस माणसं बसली हायेत वो माय."

"बसली ना? मंग उभी तं नाई? आमी बी बसलो." मग तिनं थुंकून मला जवळ बोलावलं. "हे पाय बाबू. मंडईत बाईनं दोनदा मांगं येऊन बसलं पायजे. नाई बसली तं तिचं डोकं फिरते, भाजीत मीठ दोनदा पडते आन् लेकराले मार बसते. माझ्या सासूनं मले सांगतलं, मी इले सांगतलं. आन् तुले एक सांगतो, बसल्या बाईले हाक मारायची नाई. आपल्या घरी ते चालत नाई. जा, त्यायले पाणी दे आन् गोठी सांग."

मी छपरीत गेलो आणि गोष्टी सांगितल्या. कोणी उपाशी मेलं नाही. थोड्या वेळानं आतून कढईचा आवाज आला आणि रस्सा आला. त्याच्या पुढं इतक्या वर्षांत, माय गेल्यावरही, मी तो नियम पाळला. गिरजा मागं जाऊन बसली की मला छपरीतूनच कळायचं, कारण घराचा आवाज बंद व्हायचा. मी लगेच सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी काढायचो, कोणाच्या धानाला किती उतारा आला ते विचारायचो, मागच्या वर्षीच्या नाटकातल्या खलनायकाची नक्कल करायचो. माझी नक्कल भिकार असायची, पण पाहुणे हसायचे. मंडईबद्दल आम्हा दोघांत एवढंच एक ठरलेलं होतं, आणि तेही बोलून नाही.

गेल्या मंडईला माझा मुलगा विलास आणि सून कविता दोन दिवस आधीच आले. विलास ऊर्जानगरला क्वार्टरमध्ये राहतो. कविता शिकलेली आहे, डोळे उघडे ठेवून चालते. आल्या आल्या तिनं पाहिलं की सासूला विहिरीवरून घरापर्यंत येताना मधे एकदा थांबावं लागतं. मी तिच्यासोबत रोज राहतो, मला ते दिसलं नव्हतं. कविता तिला उपकेंद्रात घेऊन गेली. तिथल्या नर्सबाईनं बीपी मोजला, परत मोजला आणि म्हणाली, आजच मोठ्या दवाखान्यात न्या. संध्याकाळी चुलीपुढं त्याच्यावर बोलणं निघालं. कविता म्हणाली, "बाबा, यंदा जेवण बाहेरून सांगू. वडशाले करून देणारे हायेत. गाडीनं घरी आणून देतात."

मी म्हटलं, "मंडईले इकतचं अन्न? लोक तोंडात शेण घालतीन माझ्या."

"लोकायचं जाऊ द्या. आईले किती टेन्शन हाये ते पाहा ना. आठ दिवसापासून झोपल्या नाई त्या. कोण येईन, किती येतीन, कुठी निजवू, हेच करून राह्यल्या."

"टेन्शन तुमच्या कॉलनीत असते बाई. इथी काम असते."

विलास हसला. गिरजासुद्धा हसली, पदर तोंडाला लावून. माझी बाजू राखायची तिला सवय होती. मग तीच म्हणाली, "परवा मंडई हाये. तेरवा जाऊ वडशाले. दोन-तीन दिवसानं का होते?" हे वाक्य मी नंतर खूप लोकांना सांगितलं. तीच म्हणाली, तीच म्हणाली, मी तं तयार होतो. खोटं आहे. मी तयार नव्हतो. तिच्या तोंडून ते निघालं तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे मी आज पहिल्यांदा लिहून ठेवतो.

यंदा दिवाळीच्या आधी नातीनं मोबाइलवर मला एक बाई दाखवली. सणासुदीत मन शांत कसं ठेवायचं ते ती सांगत होती. श्वास मोठा घ्या, कामं वाटून द्या, थोडा वेळ एकटे बसा, नाही म्हणायला शिका. नातीला वाटलं आजोबा हसतील. मी पूर्ण पाहिलं, मग परत लावायला सांगितलं. सगळं खरं आहे ते. त्यातलं एकटं बसायचं तर माझ्या आजीला माहीत होतं. पण ती नाही म्हणायची गोष्ट ती बाई घरातल्या बाईला शिकवत होती. आमच्या घरी नाही म्हणायचं काम माझं होतं. चौकात उभा मी राहत होतो.

मंडईच्या दिवशी सकाळपासून लाउडस्पीकर सुरू होता. पहिली पंगत बाराला बसली, दुसरी दोनला. घरचेच सगळे, आधी ठरलेले. मी तीन वाजता चौकात गेलो ते नुसता फेरफटका मारायला. तोपर्यंत मी कोणाचाच हात धरला नव्हता आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. जिलेबीच्या दुकानापुढं मला नामदेव दिसला, माझा मामेभाऊ, गोंडपिपरीकडचा. आठ-दहा वर्षांनी दिसला असेल. गाडी करून आला होता, सोबत आठ माणसं. त्याला पाहिलं आणि माझं तोंड आपोआप उघडलं. "असा कसा जातं गा? घरी चाल." बाबाचेच शब्द. नामदेव म्हणाला, "आमी नऊ जण हाओ भाऊ, राहू दे." मी म्हटलं, "नऊ का, नव्वद असले तरी चाला."

घरी आलो तर घराचा आवाज बंद होता. मी सगळ्यांना छपरीत बसवून आत डोकावलो. कविता चुलीपुढं एकटी होती. नऊ जोडी चपला तिला दारातून दिसल्या असतील. ती हळू आवाजात म्हणाली, "आई आत्ताच मांगं जाऊन बसल्या. सकाळपासून पहिल्यांदा. मी वाढून देईन बाबा, भात लावते थोडा." मी बरं म्हटलं. खरंच बरं म्हटलं होतं. छपरीत येऊन खर्ऱ्याची पुडी काढली. पण नामदेवला घाई होती, नाटकाची जागा धरायची होती. तो मोठ्यानं म्हणाला, "का गा भाऊ, वयनी म्हातारी झाली वाटते! पयले तं आपण बसलो नाई का ताट येत होतं. आता कोणाचा आवाजच नाई घरात. का आमचं येणं जड झालं तिले?" त्याची माणसं हसली. तो मस्करीच करत होता, त्याच्या पोटात काही नव्हतं. मला मात्र कानशिलात मारल्यासारखं झालं.

मी मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारली. "अवो! पाव्हणे आले!" उत्तर आलं नाही. कविता चुलीपुढून माझ्याकडे वळून पाहू लागली. मी दुसरी हाक मारली. मग तिसरी, जोरात, नामदेवला ऐकू जाईल अशी. "ऐकू येते का नाई? किती वेळ बसतं?"

"आली, आली," मागून आवाज आला. भिंतीला हात लावत ती उठली असेल, कारण आत आली तेव्हा तिच्या तळहाताला भिंतीची माती लागली होती. पदर खोचत ती माझ्याजवळून गेली, छपरीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता बोलेल, लसणाच्या वेळचं काढेल. ती रागावली नव्हती. थकलेल्या बैलाच्या डोळ्यांत असतं तेवढंच तिच्या डोळ्यांत होतं.

"किती हायेत?"

"नऊ."

"बसवा."

तिच्या तोंडून मी ऐकलेला शेवटचा शब्द तो. बसवा.

तिनं चार ताटांत भात वाढला. आमच्याकडे पाहुण्याचा भात वाटीनं दाबून उलटा करतात, गोल उभा राहतो. पाचव्या ताटावर वाटी उलटी केली आणि ती उचललीच नाही. वाटीवर हात ठेवून ती तशीच चुलीच्या बाजूला टेकली. कविता ओरडली म्हणून मी धावलो. अंग घामानं भिजलेलं होतं, हिवाळ्याचे दिवस असून. नामदेवनंच गाडी काढली. तोच चालवायला बसला. गावातून निघायलाच वेळ लागला, रस्त्यात दोन्ही बाजूंनी दुकानं, मधे माणसांची रांग, आणि लाउडस्पीकरवर माणूस सांगत होता की आज रात्री झाडीपट्टीतले नामवंत कलावंत. विलास गाडीपुढं पळत होता, लोकांना ढकलत, शिव्या देत. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. नदीचा पूल आला तेव्हा मला मांडीवरचं वजन वेगळं वाटलं. मी कोणाला सांगितलं नाही. दवाखान्यात डॉक्टरनं सांगितलं तेव्हा विलासला नवीन होतं, मला नव्हतं.

दिवस बुडता बुडता आम्ही तिला परत आणलं. तिचा भाऊ दूर सिरोंचाकडे राहतो, त्याच्यासाठी सकाळपर्यंत ठेवायचं ठरलं. नाटकवाले मंडळाचे लोक हात जोडून आले, म्हणाले भाऊ, तुमी म्हणान तं नाटक बंद ठेवू. मी म्हटलं, होऊ द्या. लोक दुरून आले आहेत. हे पाहा, त्या वेळेलासुद्धा मला पाहुण्यांचंच पडलं होतं. माणसाची खोड जात नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा मी उठून बोरिंगवर गेलो. तिथं आदल्या दिवशीची ताटं होती, दोन पंगतींची, रचून ठेवलेली. कोणाला ती घासायची शुद्ध नव्हती. थंडीनं मटणाची चरबी ताटांना पांढरी चिकटली होती. मी राख घेतली, तणसाचा, धानाच्या वाळल्या काड्यांचा बोळा केला आणि उकिडवा बसलो. सत्तर वर्षांच्या वर वय झालं, मी त्याआधी एक ताट घासलं नव्हतं. बोळा कसा धरायचा तेही माहीत नव्हतं. शेजारच्या बायका आल्या, म्हणाल्या भाऊ, सुतकात असं नाई करत, आमी घासतो, सोडा. मी सोडलं नाही. नामदेव रात्रभर छपरीत बसून होता, त्याची माणसं गेली पण तो गेला नव्हता. तो येऊन माझ्या बाजूला उकिडवा बसला आणि रडायला लागला. "मी मस्करी केली गा भाऊ. मी नुसती मस्करी केली." मी म्हटलं, "हाक तं मीच मारली ना. पंप मार." त्यानं उठून पंप मारला. पाणी इतकं थंड होतं की बोटं कळेनाशी झाली.

बरीच ताटं झाल्यावर माझ्या मनात आलं की यातलं एक तिचं असेल. ते नीट घासावं. कविता दाराजवळ उभी होती, तिला विचारलं, "तुझ्या सासूचं ताट कोणतं यातलं?"

ती ताटांकडे पाहू लागली.

"सांग ना वो."

"त्यायचं नाई त्याच्यात, बाबा."

"काऊन?"

"त्या जेवल्याच नाई. मी दोनदा म्हटलं. म्हणे सगळ्यायचं होऊ दे."

मी मान हलवली आणि पुढचं ताट ओढलं. त्याच्या मागं ती चार ताटं वेगळी ठेवलेली होती. तिनं वाढलेला भात तसाच गोल उभा होता, रात्रीतून वरून वाळलेला. मी त्यांना पाणी लागू दिलं नाही. चारही उचलून आत नेली, जातं ठेवतो त्या ओट्यावर ठेवली आणि वरून सूप झाकलं. तोवर तिचा भाऊ आला. बाहेर तिरडी बांधून झाली होती. मी हातांची राख धुतली आणि तिला न्यायला गेलो.